गावच्या अभ्यासिकेसाठी प्रतिष्ठानाकडे मानधन मागावे की संगणक?

मलप्रभाकाठ (प्रश्न)

नमस्कार. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पलीकडील एका गावात आमची संस्था सरकारी मराठी शाळेच्या खोलीत सायंकाळची अभ्यासिका चालवते. आठवी ते दहावीची पंचेचाळीस मुले येतात आणि त्यांतली बरीचशी आसपासच्या वाड्यांवरून चालत येतात. गावातलेच दोन पदवीधर गणित व इंग्रजी शिकवतात, आणि आठवड्यातून तीन दिवस खानापुराहून कन्नडचे शिक्षक येतात. मराठी माध्यमातून दहावी झालेली मुले पुढे कॉलेजात आणि राज्य सरकारच्या नोकरभरतीत कन्नडपाशी अडतात, म्हणून पालकांनीच हा विषय आग्रहाने घ्यायला लावला. आजवरचा खर्च लोकवर्गणीतून आणि सैन्यातून निवृत्त झालेल्या काही गावकऱ्यांच्या देणग्यांतून भागला; आता तेवढ्यावर भागत नाही.

बेळगावातील काही कारखानदार व डॉक्टर आणि पुण्या-मुंबईस स्थायिक झालेले मूळचे बेळगावकर यांनी मिळून चालवलेल्या एका प्रतिष्ठानाने जिल्ह्यातील लहान संस्थांकडून अर्ज मागवले आहेत. ते स्वतःला कम्युनिटी फाउंडेशन म्हणवतात. एका उपक्रमाला एका वर्षासाठी जास्तीत जास्त दोन लाख रुपये मिळू शकतात. आमच्या कार्यकारिणीत यावरून दोन मते आहेत. काही सदस्यांचे म्हणणे असे की पाच संगणक आणि एक प्रोजेक्टर मागावा, कारण वस्तू डोळ्यांना दिसते, तिची पावती मिळते आणि देणाऱ्याचे नाव तिच्यावर लिहिता येते. सचिव या नात्याने मी केलेले अंदाजपत्रक मात्र वेगळे आहे. त्यात दोन शिक्षकांना दरमहा पाच हजारांप्रमाणे जून ते मार्च या दहा महिन्यांचे मानधन १,००,०००, कन्नडच्या शिक्षकांचे प्रवासासह ४०,०००, पुस्तके व सराव प्रश्नपत्रिकांना २०,००० आणि पावसाळ्यात संध्याकाळी वीज जाते म्हणून इन्व्हर्टरला २०,००० असे एकूण १,८०,००० रुपये धरले आहेत. मानधनाचा एवढा मोठा आकडा पाहून अर्ज बाजूला ठेवला जाईल, अशी भीती सदस्यांना वाटते. ती खरी आहे का?

दुसरा प्रश्न कागदपत्रांचा. संस्थेची नोंदणी कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, १९६० नुसार झाली आहे. पॅन आणि बँक खाते संस्थेच्या नावावर आहे. आयकर विभागाकडील १२एबीची (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत देणारी) नोंदणी तात्पुरती आहे आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत देणारी मान्यता) अजून घेतलेले नाही. इतिवृत्ताची वही मराठीत आहे, अर्ज मात्र इंग्रजीत मागितला आहे. अशा स्थितीत अर्ज करावा, की सगळे कागद पूर्ण होईपर्यंत वर्षभर थांबावे?


उद्यमबागकर (उत्तर)

ताई, अशाच एका निधीच्या निवड समितीवर मी काम केले आहे, म्हणून अर्ज वाचणाऱ्याच्या बाजूने लिहितो. मानधनच मागा.

आमच्याकडे येणाऱ्या अर्जांत संगणक, कपाटे, खुर्च्या, ध्वनिक्षेपक यांचीच मागणी अधिक असे, आणि त्यामागचे कारण आपल्या सदस्यांनी सांगितले तेच होते. परंतु संगणकाचा अर्ज हाती आला की समितीत कोणते प्रश्न निघतात ते ऐका. खोली सरकारी शाळेची आहे, तर सुट्टीत संगणक कोणाच्या ताब्यात राहणार? जांबोटी-कणकुंबीच्या पावसात आणि दमट हवेत ते किती टिकणार, बिघडले तर दुरुस्तीचा खर्च कोण करणार, आणि मुळात शिकवणारा माणूस कोण? शेवटच्या प्रश्नाशी सगळे येऊन थांबतात, आणि त्याचे उत्तर आपल्या अंदाजपत्रकात आधीच आहे. जी गोष्ट चालू आहे आणि पैशांअभावी बंद पडू शकते, तिच्यासाठी मागितलेला रुपया मला तरी नव्या वस्तूसाठी मागितलेल्या रुपयापेक्षा नेहमी अधिक खरा वाटत आला आहे.

अडचण मानधनाच्या आकड्याची नसते, तो ज्या तऱ्हेने लिहिला जातो त्याची असते. ‘शिक्षक मानधन १,००,०००’ एवढेच लिहिले, तर वाचणाऱ्याला तो संस्थेचा प्रशासकीय खर्च वाटतो, आणि प्रशासकीय खर्चावर बहुतेक प्रतिष्ठानांनी मर्यादा घातलेली असते. त्याऐवजी विषय, रोजचे तास, महिन्याचे दिवस आणि दर लिहावा. रोज दोन तास आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर पाच हजार रुपयांचा हिशेब ताशी शंभर रुपये होतो, आणि पदवीधर शिक्षकासाठी हा दर जास्त आहे असे कोणी म्हणणार नाही. तसेच १,८०,००० भागिले पंचेचाळीस म्हणजे एका मुलामागे वर्षाला चार हजार, हेही स्वतःच लिहून द्या. नाही तर समितीतला कोणीतरी कागदाच्या कोपऱ्यात तो भागाकार करतोच. मात्र त्यासोबत लोकवर्गणीची रक्कमही दाखवावी, म्हणजे उपक्रमाचा पूर्ण खर्च किती आणि त्यातला कोणता वाटा आपण मागत आहात हे स्पष्ट होईल.

गावाचा वाटा ही प्रतिष्ठाने एवढ्या आग्रहाने का विचारतात, त्यालाही कारण आहे. या प्रकारची पहिली संस्था १९१४ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकरने काढली. मृत्युपत्रांनी ठेवलेले निधी काळ बदलल्यावर कालबाह्य हेतूंना जखडून पडतात, ते एकत्र करून शहरातल्या नागरिकांच्या समितीने त्या त्या वेळच्या गरजेप्रमाणे खर्च करावेत, ही त्यामागची कल्पना होती. आपल्या देशात मुंबईत १९९१ साली बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट या नावाने असा प्रयत्न झाला. शिक्षणासाठी मालमत्ता ठेवून जाण्याची परंपरा आपल्या जिल्ह्यालाही नवी नाही. सौंदत्ती तालुक्यातील शिरसंगीच्या लिंगराज देसाईंनी आपली जहागीर मृत्युपत्राने विद्यार्थ्यांसाठी ठेवली होती. फरक इतकाच, की कम्युनिटी फाउंडेशनमध्ये एका धनिकाची इच्छा चालत नाही. अनेकांचे लहान-मोठे पैसे असतात आणि ते कुठे जावेत हे स्थानिक माणसे ठरवतात. त्यामुळे ज्या कामात गावाने स्वतः काही घातलेले नाही, त्यात इतरांचे पैसे घालायला समिती कचरते.

यात आणखी एक स्थानिक बाब आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे सामाजिक दायित्वाचा दोन टक्के खर्च बंधनकारक होतो तो ५०० कोटींचे निव्वळ मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक तरी मर्यादा गाठणाऱ्या कंपन्यांना. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्र्या आणि मशीन शॉप यांतील बहुसंख्य या मर्यादेच्या फार खाली आहेत. म्हणजे त्यांनी दिलेले पैसे कायद्याने काढलेले नसून स्वखुशीचे आहेत, आणि स्वखुशीने देणारा माणूस अर्जातली शब्दांची आरास लवकर ओळखतो. ‘विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास’ हे वाक्य कृपया लिहू नका. जूनमध्ये पंचेचाळीसपैकी किती मुले कन्नडचा एक परिच्छेद न अडखळता वाचतात आणि कितींना अपूर्णांकांची बेरीज येते, याची साधी चाचणी घ्या, जानेवारीत तीच पुन्हा घ्या, आणि ते आम्ही करणार आहोत असे अर्जात नमूद करा. दहावीच्या निकालाच्या टक्केवारीवर सगळे टांगू नका, कारण दहावीला चौदा मुले असतील तर एका मुलाने निकाल सात टक्क्यांनी वर-खाली होतो. आणि भाताच्या लावणीच्या दिवसांत हजेरी घटत असेल तर तेही लिहावे. वर्षभर शंभर टक्के उपस्थिती दाखवणाऱ्या अर्जाकडे मी संशयानेच पाहत असे.


जमाखर्च (उत्तर)

कागदपत्रांपुरते लिहितो, हिशेब तपासणे हा माझा व्यवसाय आहे.

तात्पुरत्या १२एबी नोंदणीवर अर्ज करण्यास कायद्याची हरकत नाही. ती नोंदणी तीन वर्षांची असते आणि मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी नियमित नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. काम सुरू झाल्यावर तर तो त्याआधीच करणे अपेक्षित आहे. आपले काम सुरूच आहे, तेव्हा तो अर्ज लगेच दाखल करून त्याची पोच प्रतिष्ठानाच्या अर्जाला जोडावी. नियमित नोंदणी एरवी पाच वर्षांची असते. २०२५ च्या वित्त कायद्याने ५ कोटींपर्यंत उत्पन्न असलेल्या लहान संस्थांसाठी ती दहा वर्षांची केली आहे. आयकर कायदा, २०२५ ची अंमलबजावणी १ एप्रिल २०२६ पासून असल्याने कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलतात, परंतु देणगीदार आणि संस्था अजून जुन्याच क्रमांकांनी बोलतात, म्हणून मीही तेच वापरतो.

८०जी नसणे ही प्रतिष्ठानाच्या अनुदानासाठी मोठी अडचण नाही, कारण त्याची सवलत व्यक्तिगत देणगीदाराला हवी असते; सवलतीचे प्रमाणपत्र त्यांना प्रतिष्ठानाकडून आधीच मिळालेले असते. तरीही प्रतिष्ठान अंतर्गत नियम म्हणून ते मागू शकते, तेव्हा आधी फोन करून विचारावे. पुढे स्वतः देणग्या गोळा करायच्या असतील तर ८०जी जरूर घ्यावे. फक्त त्यावर फार विसंबू नये, कारण नव्या करपद्धतीत गेलेल्या पगारदारांना ही वजावट मिळतच नाही. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीलाही ती मिळत नाही. ८०जी घेतल्यावर मात्र देणगीदारांचे विवरण दरवर्षी ३१ मेपर्यंत भरण्याचे काम मागे लागते, हे ध्यानात असू द्या.

प्रतिष्ठानाचे लेखापाल आपल्याकडे इतके कागद का मागतात, त्याचे कारण त्यांच्या स्वतःच्या करात आहे. एका धर्मादाय संस्थेने दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीपैकी फक्त ८५ टक्के रक्कम एप्रिल २०२३ पासून खर्च म्हणून धरली जाते, आणि कायम निधीसाठी (मूळ रक्कम खर्च न करता राखून ठेवण्याच्या निधीसाठी) दिलेली देणगी तर अजिबात धरली जात नाही. म्हणून अनुदानाच्या पत्रात ते काटेकोर शब्द घालतील. आपण ते पत्र कार्यकारिणीत वाचून ठराव करावा आणि रक्कम ‘कायम निधी’ म्हणून जमा करू नये.

जिल्हा निबंधकांकडे वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर कार्यकारिणीची यादी आणि ताळेबंद दाखल केला आहे ना, ते सर्वांत आधी तपासा. आपल्याकडे हे निबंधक म्हणजे सहकार खात्याचे उपनिबंधक असतात, आणि सीमेपलीकडच्या महाराष्ट्रातील धर्मादाय आयुक्तांच्या पद्धतीशी परिचित असलेले देणगीदार कधी कधी आपल्याकडे नसलेलीच कागदपत्रे मागतात. अशा वेळी नोंदणी कोणत्या कायद्याखाली झाली आहे हे सांगणारे एका पानाचे पत्र पुरते. इतिवृत्त मराठीत ठेवायला हरकत नाही. निबंधक कार्यालयाचे व्यवहार कन्नड किंवा इंग्रजीत होत असल्याने तिकडे जाणाऱ्या ठरावाचे भाषांतर अध्यक्ष व सचिव यांच्या सहीने जोडावे, आणि प्रतिष्ठानाला तेच भाषांतर द्यावे. शाळेची खोली वापरण्यासाठी एसडीएमसीचा (शाळा विकास व देखरेख समितीचा) ठराव आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी नसेल, तर ती घेतल्याशिवाय अर्ज पाठवू नका. तोंडी परवानगीवर चाललेले उपक्रम मुख्याध्यापकांची बदली होताच अडचणीत येतात.

शेवटी लाभार्थ्यांविषयी. ८०जीसाठी संस्था कोणत्याही एका धर्माच्या वा जातीच्या हितापुरती असून चालत नाही. आपल्या घटनेत किंवा अर्जात समाजाचे नाव असेल तर ते काढून ‘या परिसरातील शाळांत शिकणारी मुले’ असे लिहावे. कन्नड किंवा उर्दू शाळेतले मूल आले तर त्यालाही बसू द्यावे, आणि तसे अर्जात नोंदवावे.


वेदगंगा (उत्तर)

निपाणीत आम्ही विडी कामगार महिलांच्या मुलांसाठी काम करतो. वरच्या दोन्ही उत्तरांतील बहुतेक गोष्टी मान्य आहेत, परंतु मानधनाच्या बाजूने एवढ्या खात्रीने बोलताना दुसऱ्या वर्षाचा विचार मागे पडला आहे, असे मला वाटते.

एका वर्षाच्या अनुदानात शिक्षकांचे मानधन दुप्पट झाले आणि पुढच्या वर्षी अनुदान मिळाले नाही, तर पूर्वीच्या रकमेवर ते परत येत नाहीत. आमच्या भागातील एका संस्थेचा चांगला चाललेला वर्ग याच कारणाने बंद पडला. म्हणून ताईंनी आजचे मानधन किती आहे ते पाहावे आणि वाढ बेताची ठेवावी. शक्य असल्यास प्रतिष्ठानाला दोन वर्षांचा प्रस्ताव द्यावा, ज्यात पहिल्या वर्षी मानधनाचा मोठा भाग त्यांचा आणि दुसऱ्या वर्षी निम्मा गावाचा असेल. नियमात एकच वर्ष असले तरी असा प्रस्ताव दिल्याने काही बिघडत नाही. उलट अनुदान संपल्यावर काय, हा प्रश्न आपण आधीच सोडवला आहे असे दिसते. लोकवर्गणी मात्र एक महिनाही थांबवू नये, कारण ‘आता फाउंडेशनचे पैसे आलेत’ असे गावात एकदा पसरले की थांबलेली वर्गणी पुन्हा सुरू करणे फार जड जाते. गावातील सहकारी सोसायटीच्या पोटनियमांत धर्मादाय निधीची तरतूद असेल, तर तिच्या संचालक मंडळाकडेही आत्ताच पत्र द्यावे. रक्कम लहान असते, पण ती दरवर्षी मिळू शकते.

संगणकाविषयीही मी उद्यमबागकर सरांइतकी कठोर नाही. पाच नकोत, प्रोजेक्टर तर नकोच. पण एक संगणक आणि प्रिंटर असावा. विडी कामगारांच्या मुलांची शिष्यवृत्ती असो की राज्याच्या पोर्टलवरची, अर्ज आता ऑनलाइनच भरावे लागतात, आणि खेड्यातली मुले त्यासाठी तालुक्याला जाऊन सायबरवाल्याला पैसे देतात, तेही शेवटच्या दिवशी. आपल्या अंदाजपत्रकात दोन लाखांच्या मर्यादेपर्यंत वीस हजार रुपये शिल्लक आहेत. त्यात वापरलेला पण चांगल्या स्थितीतला संगणक बसू शकेल, आणि कार्यकारिणीतील वादही मिटेल.


मलप्रभाकाठ

तिघांचेही मनापासून आभार. एसडीएमसीचा ठराव आहे, परंतु गटशिक्षणाधिकाऱ्यांचे पत्र नाही. ते आधी मिळवते. सध्याचे मानधन साडेतीन हजार आहे, तेव्हा पाच हजारांऐवजी चार हजार करावे आणि उरलेल्या रकमेत एक संगणक व प्रिंटर घ्यावा, असे कार्यकारिणीपुढे मांडणार आहे.

आणखी दोन शंका आहेत. आमच्या गावचा एक अभियंता जर्मनीत नोकरी करतो आणि त्याला गावाच्या वाट्यात मोठी रक्कम घालायची आहे. ती त्याने आमच्या खात्यावर पाठवली तर चालेल का, की प्रतिष्ठानाला देऊन त्यांच्यामार्फत घ्यावी? दुसरे असे, की पावसामुळे किंवा शिक्षक रजेवर गेल्याने एखाद्या महिन्याचे मानधन वाचले, तर वर्षअखेरीस त्या रकमेचे काय करायचे?


जमाखर्च

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या पारपत्रावर अवलंबून आहे. तो भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून, बँकेच्या रीतसर मार्गाने पैसे पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी ठरत नाही; त्याच्याकडून पारपत्राची प्रत आणि देणगीचे पत्र घेऊन ठेवावे. त्याने तिथले नागरिकत्व घेतले असेल, तर त्याच्याजवळ ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला मिळणारे) असले तरी ती रक्कम विदेशी देणगीच होते, आणि एफसीआरए (विदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ती स्वीकारणे गुन्हा आहे. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षे कार्यरत असावी लागते आणि त्या काळात तिने मुख्य उद्दिष्टांवर पंधरा लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात, त्यामुळे आपल्याला तो मार्ग सध्या बंदच आहे. प्रतिष्ठानामार्फत घेण्याचाही उपयोग नाही, कारण २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेली विदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवताच येत नाही, मग दोघींकडे नोंदणी असो वा नसो. तसे असल्यास त्याच्या इथल्या आईवडिलांनी किंवा भावाने स्वतःच्या उत्पन्नातून द्यावे. त्याने पाठवलेले पैसे त्यांच्या खात्यातून फिरवून आणणे हा मार्ग कोणी सुचवला तर तो ऐकू नका.

लोकवर्गणीच्या पावत्याही नाव-पत्त्यासह फाडाव्यात. निनावी देणग्या एक लाख किंवा एकूण देणग्यांच्या पाच टक्के यांपैकी मोठ्या रकमेच्या वर गेल्या, तर वरच्या भागावर तीस टक्के कर लागतो. आपली वर्गणी तेवढी नसेल. परंतु प्रतिष्ठानाचा माणूस पाहणीला आला की पहिल्यांदा पावतीपुस्तकच मागतो.


उद्यमबागकर

शिल्लक रकमेविषयी मी सांगतो, कारण सर्वाधिक गोंधळ तिथेच पाहिला आहे. मार्च उजाडला की संस्था घाईघाईने खुर्च्या नाही तर दप्तरे घेतात आणि पैसे संपवतात. अंदाजपत्रकात नसलेल्या त्या पावत्या पाहून समितीचा जो समज होतो, तो पुढच्या वर्षीच्या अर्जाला भोवतो. त्याऐवजी जानेवारीतच प्रतिष्ठानाला पत्र लिहावे, किती रक्कम वाचेल आणि का ते सांगावे, आणि ती एप्रिल-मे महिन्यांत दहावीत जाणाऱ्या मुलांच्या उन्हाळी वर्गासाठी वापरण्याची लेखी परवानगी मागावी. बहुतेक वेळा ती मिळते. नाही मिळाली तर धनादेशाने रक्कम परत करून पोच घ्यावी आणि ती विनियोग प्रमाणपत्राला (अनुदान कसे खर्च झाले याच्या दाखल्याला) जोडावी. अनुदानासाठी बँकेत वेगळे खाते शक्य नसेल तर निदान खतावणीत वेगळे पान ठेवा, आणि शिक्षकांचे मानधन रोख न देता त्यांच्या खात्यावरच जमा करा. वेदगंगा ताईंचा एका संगणकाचा मुद्दा मला पटला. तो घेतल्यावर संस्थेच्या जडसंग्रह (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीत त्याची नोंद करून रोज रात्री तो कोणाच्या घरी राहणार ते ठरावातच लिहून टाका.